इंग्लंडमधल्या खेड्याची वंशावळ बेळगावात बसून काढायची तर कुठल्या साइटला पैसे द्यावेत, कुठल्या फुकट वापराव्यात

आधी निकाल सांगून टाकतो, कारण खाली बरीच लांबण लावलीय आणि सगळ्यांना वाचायला वेळ असतोय असं नाही. फ्रीबीएमडी, पाचपैकी पाच, डोळे झाकून. इंग्लंडच्या जनरल रजिस्टर ऑफिसचा म्हणजे जीआरओचा ऑनलाइन इंडेक्स, साडेचार. फॅमिलीसर्च, चार. फाइंडमायपास्टला पण चार, फक्त महिनाभर घ्या, कामं उरका आणि बाहेर पडा. एक मोठी जाहिरातबाज साइट आहे, तिचं नाव घेत नाही, तिला दोन. आणि 'तुमची अख्खी वंशावळ आम्ही काढून देतो' म्हणणारी एक कंपनी, तिचंही नाव नको, शून्य द्यायची सोय नसते म्हणून एक.

आता बेळगावच्या शहापुरात बसून इंग्लंडच्या खेड्यातली माणसं हुडकायचा उद्योग कशाला, तर आमचा पुतण्या तिकडं डर्बीत असतो, विमानाच्या इंजिनांच्या लाइनीत आहे, बायको तिथलीच केली, आता पोरगी झालीय आणि दोघांच्या डोक्यात आलं की पोरीसाठी दोन्ही घराण्यांची वंशावळ करून ठेवायची. आमच्याकडची बाजू माझ्या गळ्यात पडणार हे ठरलेलंच होतं, घरातला रिकामा माणूस मी, बँकेतनं रिटायर. पण सूनबाईच्या बाजूचं कामही इकडंच आलं, त्या दोघांना नोकरी आणि लेकरू यातनं डोकं वर काढायला सवड नाही, आणि मला कागदांचा नाद आहे हे विहीणबाईंनी लग्नातच ओळखलं होतं. आमची आई तर रोज विचारायची, काय हुडकूलालास रे रात्रभर, तिला काय सांगणार, सूनबाईचा खापरपणजोबा हुडकतोय म्हटलं तर म्हणाली आपला आधी हुडक की.

हातात होतं काय, तर एक भाड्याचं पुस्तक. सूनबाईच्या आजीनं जपून ठेवलेलं, आजीच्या वडलांच्या नावचं, कौन्सिलच्या घराचं, भाडं भरलं की क्लार्क रकमेसमोर सही मारायचा तसलं. व्हॉट्सॲपवर फोटो आला. वर छापलेलं 'बेकवेल रूरल डिस्ट्रिक्ट कौन्सिल', खाली गाव यूलग्रीव्ह, काउंटी डर्बीशायर. पुतण्या खुश, म्हणाला काका डिस्ट्रिक्ट मिळालंय, त्या ऑफिसला एक मेल टाकली की झालं.

ही जागा नीट समजून घ्या, कारण पैसे जातात ते इथंच. बेकवेल रूरल डिस्ट्रिक्ट नावाचं ऑफिस आज अस्तित्वातच नाही. १८९४ च्या लोकल गव्हर्नमेंट ॲक्टनं इंग्लंड-वेल्समध्ये खेड्यापाड्यांसाठी रूरल डिस्ट्रिक्ट आणि लहान शहरांसाठी अर्बन डिस्ट्रिक्ट केली, आणि १९७२ च्या नव्या कायद्यानं १ एप्रिल १९७४ ला ती सगळी एका दिवसात मोडीत काढली. बेकवेल आणि ॲशबोर्नची रूरल डिस्ट्रिक्ट, शिवाय बेकवेल, मॅटलॉक, वर्क्सवर्थ, ॲशबोर्न ही गावं, सगळ्यांचं मिळून वेस्ट डर्बीशायर झालं, आणि त्याचंही नाव पुढं बदलून डर्बीशायर डेल्स केलं. म्हणजे कौन्सिल ऐंशी वर्षं चाललं आणि गेलं. आणि मुख्य गोष्ट ही की त्या कौन्सिलात जन्म-मृत्यूची नोंद कधी होतच नव्हती. कौन्सिलकडं गटारं, पाणी, आरोग्य, घरपट्टी, भाड्याची घरं. जन्म-मृत्यू-लग्नाचं दप्तर वेगळं, ते रजिस्ट्रेशन डिस्ट्रिक्टचं, १ जुलै १८३७ ला सुरू झालेलं, आणि त्याची हद्द आखली ती पुअर लॉ युनियनवर, म्हणजे १८३४ च्या कायद्यानं गरिबांना पोसायची जबाबदारी वाटून द्यायला गावांची जी मोट बांधली होती तिच्यावर. त्याच्या मागं जायचं तर पॅरिश, म्हणजे चर्चचा गावगाडा, तिथं बाप्तिस्मा-लग्न-दफनाची रजिस्टरं ठेवायचा हुकूम १५३८ चा. आणि या सगळ्याच्या वर बिशपचा डायोसीस, त्याची हद्द आणखीन तिसरीकडंच. बेकवेल हे नाव रूरल डिस्ट्रिक्टलाही आहे, रजिस्ट्रेशन डिस्ट्रिक्टलाही आहे, युनियनलाही आहे, गावाला तर आहेच, आणि प्रत्येकाचं दप्तर वेगळं.

तिकडच्या पोरांना हे समजावून सांगताना घाम फुटतो, पण बेळगावच्या माणसाला कशाला सांगायला पाहिजे. चंदगड तालुका बघा की. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत तो बेळगाव जिल्ह्यात, त्या दिवशी जिल्हा म्हैसूर राज्यात गेला आणि चंदगड तेवढा मागं राहिला, आता कोल्हापूर जिल्हा. आमचं आजोळ तिकडचं, मामाच्या घराचा जुना कागद काढला तर त्यावर जिल्हा बेळगाव, नवा काढला तर कोल्हापूर, घराची चौकट पण हललेली नाही. जे इकडं राहिले त्यांचं मुंबई इलाखा, मग मुंबई राज्य, मग म्हैसूर, १९७३ ला कर्नाटक, आणि २०१४ ला गावाचं सरकारी नाव बेळगावी. १८३६ च्या मागचं पाहिजे तर धारवाडची कलेक्टरी. त्यामुळं कुठल्या साली हे गाव कुणाच्या दप्तरात होतं हे आधी विचारायचं, ही सवय आपल्याला उतारा काढता काढताच लागलेली असते. इंग्लंडचं काम करायला मला दुसरं काही शिकायला लागलं नाही म्हटलं तरी चालेल.

गाव कुठल्या काळात कुठल्या डिस्ट्रिक्टात हे बघायला दोन फुकट साइट. यूकेबीएमडीवर रजिस्ट्रेशन डिस्ट्रिक्टची यादी आहे, कुठलं गाव कधीपासनं कधीपर्यंत कुठं, सगळं तारखेनिशी. आणि व्हिजन ऑफ ब्रिटन, पोर्ट्समथ युनिव्हर्सिटीवाल्यांनी केलेली, तिथं रूरल डिस्ट्रिक्टचं पण पान मिळतं, हद्दी कशा बदलल्या ते दिसतं. जुना नकाशा पाहिजे तर नॅशनल लायब्ररी ऑफ स्कॉटलंडची साइट उघडा, नाव स्कॉटलंडचं असलं तरी इंग्लंडचे जुने ऑर्डनन्स सर्व्हेचे नकाशे तिथं फुकट आहेत, आजचा सॅटेलाइट नकाशा शेजारी ठेवून बघता येतो, दगडी कुंपणं, खाणीची तोंडं, चॅपल, सगळं. मी एकदा उघडला की तासभर बाहेर येत नाही. तिन्हींना वेगळे स्टार देत बसत नाही, फुकट आहे, वापरा.

आता फ्रीबीएमडी. १९९८ पासनं स्वयंसेवक लोक जन्म-लग्न-मृत्यूच्या जुन्या सरकारी इंडेक्सची पानं बघून टाइप करूलालेत, अजून चालूच आहे. दिसायला साइट जुनाट आहे, मोबाइलवर डोळे बारीक करायला लागतात, पण चालते कशी विचारा. डिस्ट्रिक्टच्या यादीत बेकवेल निवडायचं, साल घालायचं, नाव घालायचं, पटकन यादी. १८५२ पासनं १९४६ पर्यंत डर्बीशायरच्या नोंदी ७बी व्हॉल्यूममध्ये असतात, त्यामुळं त्या काळातल्या यादीत ७बी दिसलं नाही की ओळखायचं, हा आपला माणूस नव्हे. एक गोष्ट ध्यानात ठेवा, इंडेक्स तिमाहीचा आहे, मार्च-जून-सप्टेंबर-डिसेंबर, आणि जन्म नोंदवायला सहा आठवड्यांची मुदत होती, म्हणजे डिसेंबरात जन्मलेलं पोर पुढच्या वर्षीच्या मार्चच्या यादीत सापडू शकतं. लग्नासाठी तर फ्रीबीएमडीच बघायचं, जीआरओच्या ऑनलाइन इंडेक्सात जन्म आणि मृत्यू आहेत, लग्नं नाहीत.

जीआरओच्या इंडेक्सवर जरा जास्त लिहिणार आहे, कारण या सगळ्या खटाटोपात खरं काही सापडलं असेल तर तिथं. त्याआधी १९११ ची जनगणना सांगायला पाहिजे. इंग्लंडमध्ये माणसांच्या नावासकट जनगणना १८४१ पासनं दर दहा वर्षांनी बघायला मिळते. १८४१ ची जरा कच्ची, पंधराच्या वरच्या माणसांची वयं पाचाच्या पटीत खाली आणून लिहिलीत, नातं लिहिलेलं नाही. १८५१ पासनं नातं आणि जन्मगाव आलं. आणि १९११ ची विशेष म्हणजे घरातल्या कर्त्या माणसानं स्वतः भरलेला फॉर्म आपल्याला दिसतो, त्याच्या हातच्या अक्षरात. सूनबाईच्या खापरपणजोबांचा फॉर्म सापडला. शिशाच्या खाणीतला माणूस, पण अक्षर टपोरं, शाईचा एक डाग पडलाय तो बोटानं पुसल्यासारखा. त्यात एक कॉलम असा आहे की या लग्नाला किती वर्षं झाली, जिवंत जन्मलेली मुलं किती, आज हयात किती, गेलेली किती. मुलांच्या आकड्यात त्यानं लिहिलंय नऊ, सहा, तीन.

सहांची नावं फॉर्मवर आहेत. तीन पोरं मात्र दोन जनगणनांच्या मधेच जन्मली आणि गेली, त्यामुळं कुठल्याच जनगणनेत त्यांची नावं नाहीत, घरात कुणाला माहीतही नव्हतं, आजीला पण नाही. इथं जीआरओचा इंडेक्स कामाला येतो. छापील जुन्या इंडेक्सात जन्माच्या नोंदीत आईचं माहेरचं आडनाव १९११ च्या सप्टेंबर तिमाहीपासनं आलं, पण जीआरओनं नवा जो ऑनलाइन इंडेक्स केलाय त्यात ते थेट १८३७ पासनं घातलंय, आणि मृत्यूच्या नोंदीत वयही तसंच सुरुवातीपासनं. म्हणजे वडलांचं आडनाव, आईचं माहेरचं आडनाव आणि डिस्ट्रिक्ट बेकवेल घातलं की त्या जोडप्याची सगळी पोरं एकामागं एक बाहेर येतात. अकाउंट काढायला लागतं पण फुकट. कटकट एकच, एका वेळी एक साल आणि त्याच्या मागं-पुढं दोन वर्षं एवढंच बघता येतं, आणि मुलगा की मुलगी हे आधीच निवडायला लागतं, म्हणजे तेच सगळं दोनदा. अर्धा स्टार त्याचाच कापला. तरी बसलो, नऊच्या नऊ मिळाली, मग मृत्यूच्या बाजूला वय शून्य, वय एक, वय तीन घालून तिघांचा शेवट पण मिळाला. दोन मुली, एक मुलगा. सूनबाईला व्हिडिओ कॉलवर नावं वाचून दाखवली तर ती फोन घेऊन आजीकडं गेली, आजीचं स्वतःचं मधलं नाव त्यातल्या एका मुलीचं निघालं.

सर्टिफिकेटं सगळ्यांची मागवायची गरज नसते. पोस्टानं येणारं कागदी सर्टिफिकेट महाग पडतं, पीडीएफ त्यापेक्षा स्वस्त, आणि जुन्या जन्म-मृत्यूची नुसती डिजिटल इमेज सगळ्यात स्वस्त, तीनेक पौंडांच्या आसपास, लगेच स्क्रीनवर उघडते. मी सरळ वंशातल्या माणसांचीच मागवली. लग्नाच्या सर्टिफिकेटवर नवरा-नवरीच्या वडलांची नावं आणि धंदा असतो, त्यामुळं एका कागदात दोन पिढ्या मागं जाता येतं. आयांची नावं मात्र नाहीत, ती तिकडं लग्नाच्या नोंदीत घालायला मे २०२१ उजाडावा लागला, घ्या. मला वाटत होतं हे फक्त आपल्याकडंच.

हेळवी आठवला त्यावरनं. लहानपणी सुगी झाली की बैल घेऊन यायचा, ओट्यावर बसून वही उघडून आमच्या घराण्याची नावं तालात म्हणून दाखवायचा, मूळ गाव कुठलं, कोण कुठं जाऊन राहिला, देव कुठला, आणि जोंधळे घेऊन पुढच्या घराला. सात-आठ पिढ्या सहज. पण त्या वहीत बायका शोधायला गेलं तर फलाण्याची बायको अमक्या गावची, एवढंच. गावाचं नाव आहे, बाईचं नाही. सेवा म्हणून विचाराल तर हेळव्याला माझ्याकडनं पाचपैकी साडेचार, घरपोच आहे, सबस्क्रिप्शन नाही, आणि त्याच्याकडं नसलेली माहिती तो बनवून सांगत नाही.

बनवून सांगणारे ऑनलाइन बसलेत. पहिली ती जाहिरातबाज साइट. नाव टाकलं की झाडावर पानं हलतात आणि सांगते, तुमचे अमुक इतके पूर्वज सापडलेत, क्लिक करा. क्लिक केलं तर सूनबाईच्या त्याच खापरपणजोबाला लँकशायरमधल्या एका गिरणी कामगाराला नेऊन चिकटवलेलं, नाव तेच, साल जवळपास तेच, बायको भलतीच. आडनाव तिकडं इतकं कॉमन आहे की आपल्याकडं पाटील म्हणून हाक मारावी आणि अर्धा बाजार वळून बघावा तसं. दुसऱ्या कुणीतरी चुकीचं झाड केलं, तिसऱ्यानं ते उचललं, आणि साइट म्हणते चौदा लोकांच्या झाडात हेच आहे म्हणजे बरोबर. त्यातल्या एका झाडात बाई मेल्यानंतर तिला पोर झालेलं होतं. फुकट ट्रायल म्हणून पुतण्याच्या तिकडच्या कार्डावरनं घेतलं होतं, मुदत संपायच्या आत बंद करायचं बटण असं लपवलंय की शेवटी वर्षाचे पैसे कापून घेतले, परत मागितले तर नियम दाखवले. त्यांच्याकडं कागद भरपूर आहेत हे कबूल करतो, त्याचेच दोन स्टार. तुम्ही कागद बघा, साइट सुचवते ती हिंट बघू नका.

आणि ती कंपनी. पैसे आधी, रिपोर्ट नंतर. रिपोर्ट आला तेव्हा दिसायला काय विचारता, रंगीत, ढाल-तलवारीचं चिन्ह, आडनावाचा इतिहास म्हणून दोन पानं जी त्या आडनावाच्या कुणालाही पाठवता येतील. आत बघतो तर लिहिलंय, जन्म १८६२, नोंद बेकवेल रूरल डिस्ट्रिक्ट. अरे, रूरल डिस्ट्रिक्टचा कायदाच १८९४ चा, १८६२ ला ते होतं कुठं, आणि असतं तरी जन्माची नोंद त्यांच्याकडं कशी होईल? तेवढं एक वाक्य वाचलं आणि पुढची चाळीस पानं कशी केली असतील ते कळलं. कळवलं तर म्हणाले आमचे एक्स्पर्ट तपासून सांगतील, एक्स्पर्ट अजून तपासूलालेत. तर कुणाच्याही रिपोर्टची परीक्षा घ्यायची असेल तर नावं नंतर बघा, आधी ऑफिसं बघा, त्या सालात ते ऑफिस होतं का, आणि ते काम त्याचं होतं का.

फाइंडमायपास्टचा महिना मी दोन गोष्टींसाठी घेतला. एक, १९२१ ची जनगणना, जी जानेवारी २०२२ ला त्यांनी ऑनलाइन आणली, त्यात माणूस कुणाकडं कामाला होता हे पण लिहिलेलं असतं. आमच्या माणसासमोर मिल क्लोज खाणीचं नाव मिळालं, डार्ली ब्रिजजवळची शिशाची मोठी खाण, पुढं १९३९-४० च्या सुमारास बंद पडली. पुढची जनगणना १९३१ ची, ती बघायलाच मिळणार नाही, डिसेंबर १९४२ ला आगीत जळाली, आणि १९४१ ला लढाईमुळं झालीच नाही. म्हणून दुसरी गोष्ट, १९३९ चं रजिस्टर. लढाई सुरू झाली तेव्हा २९ सप्टेंबर १९३९ ला ओळखपत्रं आणि रेशनसाठी सगळ्या लोकांची यादी केली, ती. आणि रूरल डिस्ट्रिक्ट या सगळ्यात खऱ्या अर्थानं कामाला येतं ते या ठिकाणी, कारण त्या रजिस्टरात पानाच्या वर बरो, अर्बन डिस्ट्रिक्ट की रूरल डिस्ट्रिक्ट ते लिहिलेलं असतं. बेकवेल आर. डी. दिसलं तेव्हा भाड्याच्या पुस्तकाशी पहिल्यांदा गाठ पडली. पानावर नवरा, जन्मतारखेसकट, पुढं 'हेवी वर्कर' असा शेरा, तो रेशनसाठी. बायकोपुढं छापल्यासारखं सगळ्या घरात एकच, 'अनपेड डोमेस्टिक ड्यूटीज'. एका मुलीच्या आडनावावर रेघ मारून वर वेगळ्या शाईत नवं आडनाव, कारण हेच रजिस्टर पुढं सरकारी दवाखान्याच्या योजनेसाठी वापरत राहिले आणि पोरींची लग्नं झाली की त्यातच दुरुस्ती करत गेले, म्हणजे लग्न शोधायचं काम आपोआप झालं. आणि खाली एक ओळ काळी, ही नोंद बंद आहे म्हणून. शंभर वर्षांच्या आत जन्मलेल्या माणसांची झाकून ठेवतात. ती काळी पट्टी म्हणजे आपली आजीच, ठणठणीत आहे, फोटो पाठवला तर म्हणाली मला अजून झाकूनच ठेवा.

फॅमिलीसर्च फुकट आहे, मॉर्मन चर्चवाले चालवतात, १८८१ ची जनगणना तिथं पैसे न देता बघता येते आणि पॅरिश रजिस्टरांचे बाप्तिस्मे पण भरपूर. एक स्टार अशासाठी कापला की काही इमेज घरी उघडत नाहीत, त्यांच्या सेंटरवर जाऊन बघा म्हणतात, बेळगावातनं कुठं जाणार. गावाच्या नावाच्या स्पेलिंगची काळजी घ्या, यूलग्रीव्ह मधल्या ई सकट पण लिहितात आणि ई शिवाय पण, दोन्ही टाकून बघा. आणि जुन्या पॅरिशमध्ये एल्टन, विन्स्टर ही शेजारची गावं पण यूलग्रीव्हच्याच चर्चखाली यायची, त्यामुळं माणूस गावात सापडला नाही तर शेजारी बघा. तरीही नाही सापडला तर मेथडिस्ट असेल, त्या डोंगराळ भागात मेथडिस्टांचं वजन फार, त्यांची रजिस्टरं वेगळी.

पॅरिशच्या जुन्या नोंदीत सालाचा एक घोळ येतो. १७५२ च्या आधी तिकडं नवं साल २५ मार्चला सुरू व्हायचं, म्हणजे फेब्रुवारी १७४० लिहिलेलं असेल तर आपल्या हिशोबानं ते १७४१. शके पाडव्याला बदलतो हे ज्याला माहीत आहे त्याला यात अवघड काही नाही, उलट मला तर बरं वाटलं की यांचं पण एके काळी पाडव्याच्या सुमाराला वर्ष सुरू व्हायचं. याच बेकवेल रूरल डिस्ट्रिक्टात आयम नावाचं गाव येतं, १६६५-६६ च्या प्लेगात त्या गावानं बाहेर साथ जाऊ नये म्हणून स्वतःलाच कोंडून घेतलं होतं. आपल्याकडं प्लेगात लोक गाव सोडून रानात झोपड्या घालून राहिले, आजी सांगायची. त्यांनी उलटं केलं.

मृत्युपत्र पाहिजे असेल तर १८५८ हे साल ध्यानात ठेवा. त्याच्या पुढची सरकारी, इंग्लंड-वेल्सचा एकच इंडेक्स ऑनलाइन. मागची चर्चच्या कोर्टात, आणि डर्बीशायर तेव्हा लिचफील्डच्या बिशपाखाली, त्यामुळं डर्बीशायरच्या शेतकऱ्याचं मृत्युपत्र डर्बीशायरात नाहीच, शेजारच्या स्टॅफर्डशायरात. लिचफील्डचं रेकॉर्ड ऑफिस बंद होऊन दप्तर स्टॅफर्डला गेलं. चंदगडवाल्यांना सांगा, हसतील.

राहिलं कौन्सिलचं स्वतःचं दप्तर, म्हणजे ज्या भाड्याच्या पुस्तकावरनं सुरुवात झाली ते कुणाचं. बरखास्त झालेल्या कौन्सिलांची मिनिट बुकं, घरपट्टीची रेट बुकं, घरांचे प्लॅन असलं सामान काउंटीच्या रेकॉर्ड ऑफिसात जातं, डर्बीशायरचं ते मॅटलॉकला आहे, कॅटलॉग ऑनलाइन बघता येतो. यातलं थोडंच स्कॅन झालेलं असतं, त्यामुळं कॅटलॉगचा नंबर काढून द्यायचा आणि तिकडच्या माणसाला पाठवायचं. पुतण्या सुट्टीच्या दिवशी पोरीला बाबागाडीत घालून जाणार आहे म्हणालाय. रूरल डिस्ट्रिक्टांच्या मेडिकल ऑफिसरचे वार्षिक रिपोर्ट मात्र वेलकम कलेक्शनच्या साइटवर बरेच फुकट आहेत, विहिरीचं पाणी कसं, घटसर्प किती, कुठली घरं राहायच्या लायकीची नाहीत, माणसाचं नाव नसतं पण गावाचं पाणी कळतं.

पैसे भरायचं सांगतो. आपलं कार्ड असेल तर बँकेच्या ॲपमध्ये इंटरनॅशनल वापर आधी चालू करा, काम झालं की बंद करा, आणि पौंडाच्या भावावर बँक आपलं कमिशन आणि त्यावर जीएसटी लावते ते हिशोबात धरा. महिनाच घ्या, वर्ष घेऊ नका, आणि घ्यायच्या आधी फुकट साइटवरनं नावं, सालं, डिस्ट्रिक्ट यांची यादी तयार ठेवा म्हणजे महिना वाया जात नाही. तिकडं फोन करायचा असेल तर त्यांच्या उन्हाळ्यात साडेचार तासांचा फरक, हिवाळ्यात साडेपाच. आणि ज्यांना उलट्या दिशेनं जायचंय, म्हणजे आपल्या कॅम्पातल्या सिमेट्रीतल्या कुणा गोऱ्या माणसाचा पत्ता लावायचाय, त्यांनी ब्रिटिश लायब्ररीतले इंडिया ऑफिसचे मुंबई इलाख्याचे चर्च रेकॉर्ड बघा, एन/३ नंबरखाली आहेत, बेळगाव तेव्हा मुंबईत.

सूनबाईची बाजू १७६० च्या मागं पोचली. आमची १९०० ला अडकून बसलीय. वंशवृक्ष सर्टिफिकेट नाडकचेरीतनं मिळतं पण ते वारसा लावण्यापुरतं, त्यात जुनं काही नाही. २०२३ पासनं कोल्हापूरकडच्या पाव्हण्यांनी कुणबी नोंदीसाठी दप्तरं उपसली त्यातनं एक-दोन नावं मिळाली, आणि चुलत्यांच्या माळ्यावर एक गाठोडं निघालंय, सगळं मोडीत. शहापूर, वडगाव, अनगोळ भागात मोडी वाचून देणारं कुणी माहीत असेल तर कळवा, आणि पानाला काय घेतात तेही सांगा.